ताटीवरचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर झापत आले. शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा तर विचारूच नका. तरी हे लिहितेय... कारण परवा जे झालं, त्यानंतर गप्प बसवेना.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालेलं. उन्हाळा आला की सगळी कचेरी ग्वाल्हेरहून इंदूरला जायची. कचेरीत नोकरीला असलेले माझे वडील, अण्णा, तिकडे गेले, आणि आमच्या दारातल्या वाळ्याच्या ताटीवर — इथे खसची टट्टी म्हणतात — पाणी मारणारा नथू शिपाईही त्यांच्याबरोबर गेला. ग्वाल्हेरच्या गोरखी वाड्यामागच्या दोन खोल्यांत उरलो आई, मी आणि तीन वर्षांचा बाळू. असा उन्हाळा म्हाताऱ्या माणसांनीही पाहिला नव्हता.

बाळूला लू लागली, उन्हाची झळ. पन्हं पोटात ठरेना, अंग तव्यासारखं तापलेलं. नळ पहाटेच गेला होता; घागरीच्या तळाशी होतं ते पाणी त्याच्या कपाळावरच्या पट्ट्यांना. ताटी वाळून खडखडत होती. भर दुपारी त्याने डोळे फिरवले. आई नुसती "बाळू, बाळू" करत राहिली.

तेवढ्यात बाहेरून ताटीवर पाणी पडलं. सपकन. मग पुन्हा.

नथू आला म्हणून मी धावले. ताटीच्या फटीतून पाहिलं... अंगणात कुणी नाही. रखरखीत ऊन, कोरडी फरशी. आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढचा सपकारा बसला, तोंडावर गार शिंतोडे उडाले.

"आई, बाहेर कुणी नाहीये गं."

तिने माझं तोंड दाबून धरलं. "बोलू नकोस," ती पुटपुटली. "थांबलं तर?"

ऊन उतरेपर्यंत ते चालू होतं. खोली गार झाली, बाळूने डोळे उघडून पाणी मागितलं. नथू इंदूरहून हललाच नव्हता, हे अण्णा परतल्यावर कळलं. आईने हा विषय पुन्हा काढू दिला नाही, आणि बाळूला तर कधीच कळू दिलं नाही.

तो आता ग्वाल्हेरातच, हरिशंकरपुरममध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. परवा पाऱ्याने सगळे विक्रम मोडले, त्याच दुपारी त्याच्याकडची लाइट गेली. फोन आला, आवाज खोल गेलेला. "ताई, चक्कर येतेय. आणि खिडकीवर... बाहर से कोई पानी मार रहा है. बघू का?"

मी पायात चपला सरकवल्या. "बघू नकोस. बोलू पण नकोस. मी येतेय."

पोचले तेव्हा बाळू शुद्धीवर होता. लाइट आलेली नव्हती, तरी खोली गार होती आणि वाळ्याचा वास भरला होता. त्याच्याकडे वाळा नाही. कारण विचाराल तर माझं सगळं विज्ञान इथे संपतं. उन्हाळा अजून सरलेला नाही. दुपार झाली की मला धडकी भरते... एखाद्या दिवशी ते आलंच नाही तर?