बंड्याची न हटणारी बुरशी

भाऊ गेल्यावर फणसवाडीतल्या आमच्या खोलीत मी आणि त्याचा कुत्रा बंड्या, दोघेच उरलो. वर्षभरात बंड्याच्या अंगावरचे केस गळून गोल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, गोळ्यांनी जाईल. गेली नाही. गोळ्या बदलल्या तरी पसरतच राहिली. मग माझ्या मनगटावरही तसंच लाल कडं उमटलं आणि शेजारी यायचे थांबले. त्यांना दोष देत नाही, घरात लहान मुलं होती. पण तीन महिने मला कुणाचा हात लागला नव्हता. दत्तगुरूंच्या तसबिरीतले ते चार कुत्रे पाहिले की राग यायचा. माझ्याच कुत्र्याकडे तुम्ही का बघत नाही, असं मनात यायचं.

औषधांना न जुमानणारी ही बुरशी नेमकी कशानं मरते ते तपासू, दोन-तीन आठवडे लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. एका गुरुवारी बंड्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं, त्याला तिथे कायमचं ठेवून घेतात का, हे विचारायला.

बाकावरची माणसं आम्हाला पाहून सरकली. तेवढ्यात एक कोळीण आपला कुत्रा घेऊन आली आणि खुशाल माझ्याशेजारी टेकली. माझं मनगट धरून तिनं उजेडात पाहिलं.

“आमचे घरान पन सगल्यांना झालता,” ती म्हणाली. “साबनान हात धुवाचा. घाबराचा नाय.”

“मी ह्याला सोडायला आलेय,” मी म्हटलं.

तिनं बंड्याकडे पाहिलं. “आज नको सोडू. आदी तपासून बग.”

मला रडू आवरेना. ती नुसती माझा हात धरून बसून राहिली. आमचं नाव पुकारलं, तेव्हा मी तिथल्या डॉक्टरांना म्हटलं, ती तपासणी करा.

जुन्या गोळ्या त्या बुरशीवर चालतच नव्हत्या. दुसरं औषध लागू पडलं. पुढे दोन महिने औषधी अंघोळी, उकळलेल्या चादरी. केस परत आले. डावा कान मात्र अजून थोडा उघडाच आहे.

बरं केलं ते डॉक्टरांनी, हे मी जाणते. पण मी दत्तमहाराजांकडे फक्त रोग जावा एवढंच मागत होते. त्यांनी आधी माणूस धाडलं. तीच माझी खरी गरज होती आणि मला ते मागायचंही सुचलं नव्हतं. म्हणून आता हात जोडते, तेव्हा काही मागत नाही.