अक्काला पाठ झालेला तक्ता

भाच्याचा फोन आला तेव्हा मी अक्काच्याच तक्रारअर्जाचा तिसरा कच्चा मसुदा लिहीत बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसली होती, तिथंच छातीत कळ आली आणि संपलं. मी "बरं" म्हणालो. असल्या बातमीला कोणी "बरं" म्हणतं का? पण म्हणालो खरं, आणि हातातलं वाक्य पूर्ण करून मगच पेन खाली ठेवलं. 'शिबिरात रुग्णाची नजर उत्तम आढळली होती' असं ते वाक्य होतं. त्याचा मला अजून राग येतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राजुरीला दिलेली. मला सांभाळायला म्हणून तिची शाळा तिसरीतच सुटली. पुढं मी मोठ्यानं वाचत अभ्यास करायचो आणि चुलीपुढं भाकरी थापता थापता ते सगळं तिचं पाठ होऊन जायचं. मी अडलो की तिकडून पुढचा शब्द यायचा. मी मास्तर झालो, निवृत्तही झालो, पण पाढ्यांत तिनं मला कायम हरवलं. परीक्षा मात्र तिला कधी देता आली नाही, आणि त्याची तिला किती हौस होती हे मला फार उशिरा कळलं.

काही वर्षांपूर्वी तिच्या गावात डोळे तपासायचं फुकट शिबिर होतं. रांगेत मी पुढं, अक्का माझ्या मागं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी मास्तरी आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचला. मग अक्कानं वाचला, एक अक्षर न चुकता. बाहेर आली ती खुशीतच. "समदी बरोबर आली! बाई म्हनल्या, लई छान!" कागदावर लिहून मिळालं, नजर उत्तम.

पुढं तिचं डोकं दुखायला लागलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, बाजूनं आलेलं माणूस दिसायचंच नाही. आळेफाट्याच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी शिबिराचा कागद पाहिला, बॅटरी मारली आणि म्हणाले, "मोतीबिंदूची सुरुवात आहे. पिकू द्या, मग काढू." पिकू द्या म्हटल्यावर अक्काला ते पटलंच, शेतातल्या बाईला थांबणं कोण शिकवणार? दोन वर्षं ती थांबली, दर खेपेला तेच ऐकून परत आली. शेवटी पुण्याला नेली. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं आणि विचारलं, "हे आधी कुणीच मोजलं नाही?" काचबिंदू होता. डोळ्याची नस सुकली होती, गेलेली नजर परत येणार नव्हती.

मी पेटलो. जुन्नरला वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "शिबिर फुकट होतं, तिथं ग्राहक कायदा लागणं अवघड. दवाखान्यात फी भरलीत, तिथं लागतो. खरं निदान कळलं तेव्हापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जायचं, दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचं लेखी मत जोडायचं." मग शिबिराच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. "हा मात्र आपल्या अंगावर येईल. नजर इतकी चांगली, मग आम्हाला शंका कशी येणार, असं ते म्हणतील."

राजुरीला जाऊन अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "दत्तू, मला तवाच नीट दिसत नव्हतं. तू वाचलंस ते मी पाठ केलं व्हतं."

"अगं, पण का?"

"परीक्षा व्हती ना रं…"

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. "हे कुणाला बोलू नकोस," मी म्हणालो. मी, जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा! ती म्हणाली, "नाय. हे बी लिव. आन डाक्टरला इचार, मी इतक्यांदी सांगितलं तरी ते प्रेशरचं यंत्र का नाय लावलं." तिला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या दिसत होत्या. मला एकही धड दिसेना. चूक डॉक्टरांची, की अक्काची, की रांगेत पुढं उभं राहून मोठ्यानं वाचणाऱ्या माझी? ती गेली, तरी अर्ज तिथंच आहे. वारस म्हणून भाचा तक्रार करू शकतो, असं वकीलबाई म्हणतात. मुदत महिनाअखेर संपते. "मामा, काय करायचं?" तो रोज विचारतो आणि मी रोज उद्या सांगतो.

काचबिंदू घराण्यात असू शकतो, भावंडांनी तपासून घ्या, असं पुण्याला सांगितलं होतं. म्हणून गेल्या आठवड्यात मंचरला एका दवाखान्यात गेलो. भिंतीवर तसाच तक्ता, तीच अक्षरं. शेवटचे महिने अक्का पावटे सोलताना ती अक्षरं गवळणीच्या चालीवर म्हणत बसायची. मी एक डोळा झाकून वाचायला लागलो. खालच्या दोन ओळी धुरकट होत्या, तरी तोंड थांबलं नाही.

"वा काका, छान!" तपासणारी मुलगी म्हणाली आणि लिहायला लागली.

"थांबा," मी म्हणालो. "मी दिसलं म्हणून वाचलं, की पाठ होतं म्हणून, तेच मला कळत नाहीये. दुसरा तक्ता लावा, प्रेशर मोजा… आणि हे मी सांगितलं, तेही कागदावर लिहा."