जाहिरातीतला बाप

"शर्ट काढा काका. फाटकं बनियन आहे का एखादं?"

अंगात नवा पांढरा शर्ट होता. बायकोने सकाळी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. उसाच्या फडाकडेला गर्दी जमली होती. कॅमेरेवाले, छत्र्या धरणारे, कॉलेजच्या संस्थेतले शिपाई, दोन प्राध्यापक, संस्था चालवणाऱ्या साहेबांची माणसं. सगळ्यांसमोर मी शर्ट काढला. बनियन फाटकं नव्हतं. मग कपडे सांभाळणाऱ्या बाईने त्याला कात्री लावली. फडातली माती घेऊन माझ्या छातीला, गळ्याला, तोंडाला चोळली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आता कसा शोभतोय!"

हसले सगळे. मीही हसलो. हसायची सवय आहे मला.

माझी मुलगी कोमल समोर खुर्चीवर बसली होती. ती हसली नाही.

कोमल स्केटबोर्डची देशातली विजेती आहे. चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून ती हवेत जाते, फिरते आणि पुन्हा त्याच फळीवर येते. संगमनेरच्या चौकात तिचे फ्लेक्स लागले होते. एका बूट कंपनीने तिला करारावर घेतलं होतं. कंपनीची जाहिरात करायची ठरली, आणि त्या जाहिरातीत बाप पाहिजे होता. म्हणून मी.

आम्ही मूळचे जामखेडकडचे. गावकुसाबाहेरचे. दसऱ्यानंतर ट्रकमध्ये भांडीकुंडी टाकायची, इकडं कारखान्यावर यायचं, पाचटाची कोपी घालून राहायचं, ऊस तोडायचा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. किती माणसं आली, असं कुणी विचारत नाही. किती कोयते आले, असं विचारतात. कोमल कोपीतच रांगली. तिच्या शाळेसाठी आम्ही कोयता सोडला आणि इथल्या एका शिक्षण संस्थेच्या कॉलेजवर मी वॉचमन झालो.

वसतिगृहाच्या मागे पोरं नको झालेलं सामान टाकत. तिथं मला ती फळी सापडली. एक चाक निखळलेलं. सायकलवाल्याकडून ते बसवून घेतलं आणि फळी कोमलला दिली. प्राध्यापकांच्या गाड्या गेल्या की पार्किंगचं सिमेंट मोकळं व्हायचं. तिथं ती पडायची, उठायची. मी गेटवर बसून बघायचो. तिने पहिलं पदक आणलं तेव्हा संस्थेच्या साहेबांनी आवारात स्केटिंगसाठी सिमेंटचा मोठा गोल खड्डा बांधून दिला. गुळाच्या काहिलीसारखा दिसतो, म्हणून सगळे त्याला काहीलच म्हणतात. काहिलीवर साहेबांच्या वडिलांचं नाव लागलं. कोमल तिथंच तयार झाली, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही.

दिग्दर्शक मुंबईचा होता. त्याने गोष्ट सांगितली. बाप दारू पिऊन येतो. मुलीची फळी चुलीत घालतो. मुलीला थोबाडीत मारतो. मुलगी रडत रस्त्यावर पळते. साहेबांची गाडी थांबते. साहेब उतरतात, तिला नवी फळी देतात. जाहिरातीत निम्मे पैसे साहेबांचे होते.

मी म्हणालो, "डायरेक्टर साहेब, असं झालेलं न्हाई. फळी मीच आणली हुती."

तो शांतपणे म्हणाला, "काका, जाहिरात आहे ही. बाप आडवा आला नाही, तर मुलगी जिंकली कशावर?"

साहेबांचं सगळं बघणारे नाना माझ्याजवळ आले. "तुमच्या लोकात पिऊन मारत्यात का न्हाई? मग? लई काय वेगळं दाखिवलंय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरीची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड व्हायचीय ना? सरावाला कुठं जाणार? काहील कुणाची हाय, जरा ध्यानात ठिव."

मी ध्यानात ठेवलं. बाटली हातात घेतली. तिच्यात कोरा चहा होता. आयुष्यात मी दारूला शिवलो नाही. माझा बाप तिच्यापायी गेला.

बायकोला फडाकडेला मांडलेल्या चुलीजवळ बसवलं आणि रडायला सांगितलं. ती म्हणाली, "रडायला काय झालंय? पोरगी जिंकून आली आन् मी रडू? सुतक हाय का घरात?" शिपाई खुदकन हसले. नानांनी डोळे वटारले तसे गप्प झाले. मग बायकोच्या डोळ्यांत कसलं तरी औषध घातलं. पाणी यायला लागलं. दिग्दर्शक खूश झाला.

आधी मी थप्पड खोटीच मारली. हात गालाजवळून नेला. दिग्दर्शकाला पटलं नाही. पुन्हा नेला. पुन्हा नाही.

"खोटं दिसतंय काका. एकदाच खरी मारा. एका फटक्यात होऊन जाईल."

मी कोमलकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "मारा दादा. संपवा." आमच्याकडे बापाला दादा म्हणतात.

मी मारली.

तिला मी कधी बोट लावलं नव्हतं. लहानपणी कोपीतलं पीठ सांडलं, तेव्हाही नाही. आवाज फडाच्या पलीकडे गेला असेल. तिच्या गालावर बोटं उठली. तिच्या डोळ्यांत औषध घालावं लागलं नाही.

आणि टाळ्या वाजल्या. खरंच टाळ्या वाजल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या. दिग्दर्शक ओरडला, "काका, जबरदस्त! आता दुसऱ्या बाजूने एकदा. अशीच मारायची."

हात वर गेला. सवयीने गेला. सांगितलं की करायचं, ही सवय आमच्या हाडात मुरली आहे. वर गेलेला हात मला दिसला. मातीने माखलेला, कुणा दारुड्याचा असावा तसा. मला वाटलं, ही माणसं मला नटवत नाहीयेत. मी असाच आहे, असं त्यांनी कधीचं ठरवलेलं आहे. आता ते माझ्याकडून सही घेताहेत. आणि कागद म्हणून माझ्या पोरीचा गाल.

हात खाली घेतला. म्हणालो, "न्हाई."

"काय न्हाई?" नाना.

"मी दारू पीत न्हाई. पोरीला कधी मारलं नव्हतं. आज मारलं. तुमच्यासाठी मारलं. आता न्हाई."

"ए, साहेब निघालेत तिकडून! सोंग करू नको."

"सोंगच तर सोडलंय, नाना."

बायकोने हंड्यातल्या पाण्याने डोळे धुतले. कोमलने चुलीजवळ ठेवलेली फळी उचलून काखेत मारली. आम्ही तिघं बांधावरून चालत निघालो. मागून कुणी हाक मारली नाही. शिव्या मात्र बराच वेळ ऐकू येत होत्या.

जाहिरात तरीही आली. पळणारी मुलगी पाठमोरी होती, ती दुसरीच कुणीतरी. साहेब मात्र साहेबच होते. आणि थप्पड माझीच. घरोघरी दिसली, मोबाईलवर फिरली. कोमल आणखी मोठी झाली, साहेब देवमाणूस झाले. संगमनेरच्या स्टँडवर एक म्हातारी मला म्हणाली, "मुडद्या, सोन्यासारख्या लेकीवर हात कसा उचलला रं?"

ती थप्पड खोटी असती तर स्टँडवर उभं राहून ओरडून सांगितलं असतं. ती खरी होती.

माझं काम गेलं. काहिलीच्या गेटला कुलूप लागलं. दुरुस्ती चालू आहे म्हणतात. आत घमेलं वाजल्याचं कुणी ऐकलेलं नाही. कोमल बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या सिमेंटवर सराव करते. तिथं उतार नाही, खोली नाही. हवेत जायचं कुठून? मागच्या आठवड्यात मनगटावर पडली. निवड तोंडावर आली आहे. तिचा हात शेकताना माझ्या मनात येतं, दुसरी थप्पड मारली असती तर काय बिघडलं असतं? एक मारलीच होती. हा विचार रोज येतो. मी लपवत नाही.

परवा नानांचा निरोप आला. एक व्हिडिओ करायचा. बापाने सांगायचं, मी पीत होतो, मारत होतो, साहेबांनी माझे डोळे उघडले. एवढं केलं की कुलूप निघेल.

कोमलने निरोप ऐकला. मनगटाला पट्टी गुंडाळत विचारलं, "दादा, तुम्ही काय सांगणार त्यांना?"

मी म्हणालो, "तुझी निवड जाईल पोरी."

"ते मला माहीताय. तुम्ही काय सांगणार, ते विचारलं."

नानांना मी फोन केला. व्हिडिओ होणार नाही म्हणालो. पुढचं ऐकायच्या आत त्यांनी फोन आपटला. म्हणून ते इथं लिहितो.

कोमलची निवड कदाचित जाईल. तिचं वय थांबणार नाही आणि दुसरी काहील आम्हाला कुणी बांधून देणार नाही. हे नुकसान भरून निघणारं नाही, मला कळतं. पण तिच्या नावाने जिथं जिथं सत्काराचा मंडप घातला जाईल, तिथं मी जाणार आहे. बोलावलं नाही तरी जाणार. माईक नाही दिला तर खाली उभा राहून बोलणार. पोरीला पहिली फळी मी दिली, हे सांगणार. साहेबांच्या गोष्टीसाठी तिला मी मारलं, हेही सांगणार. दोन्ही सांगणार. एक गाळून दुसरं सांगायला मला आता कुणी लावू शकणार नाही.