पेअरच्या झाडाला दिलेला दम

माझ्या नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती. समोर माझी आई हात जोडून उभी होती. तो ओरडत होता, "देतोस का नाही? नाही तर आज तोडूनच टाकतो!" आणि आई काकुळतीला येऊन म्हणत होती, "नको हो, एवढ्या वेळी सोडा. पुढच्या वर्षी नक्की देईल." कुंपणापलीकडच्या बाईने हे बघितलं आणि पोलिसांना फोन केला. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

हे दोन हजार सातच्या जुलैमधलं. आम्ही बॉस्टनजवळच्या एका लहान गावात, जुन्या लाकडी घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालकीणबाई वर राहायच्या. सत्तरी उलटलेली, काटक, बोलायला अगदी मोजून. मागच्या अंगणात त्यांचं एक पेअरचं, म्हणजे नाशपतीचं, झाड होतं. भरपूर पानं, छान सावली, पण फळाच्या नावाने शून्य.

मला काळजी करायला एरवीही निमित्त लागत नाही, पण त्या महिन्यात निमित्त होतं. नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा आणि माझा त्याची बायको असल्याचा. पुण्यातली चांगली नोकरी सोडून मी आले होते आणि इथे मला काम करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झाला की काही महिन्यांत ती मिळणार होती. पण अर्ज करायच्या तारखाच खुल्या होत नव्हत्या. त्या उन्हाळ्यात त्या अचानक खुल्या झाल्या, मग बंद झाल्या, मग परत खुल्या झाल्या. आमच्या ओळखीतली सगळी मराठी मंडळी फोटो, लसी आणि जन्मदाखले यांच्या मागे धावत होती. मी तर देव पाण्यात घालून बसले होते. अर्जात एक प्रश्न होता: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर कुठल्या गुन्ह्याचा ठपका आला आहे का? नवऱ्याच्या अर्जावर मी तिथे पेन्सिलीने 'नाही' अशी खूण करून ठेवली होती. सगळा डोलारा त्याच्या अर्जावर उभा होता. त्याला काही झालं असतं तर माझाही अर्ज गेला असता.

आणि अशात माझ्या वडिलांना ते झाड दिसलं.

आई-बाबा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा मूळचे गुहागरकडचे. घरची आंब्या-फणसाची बाग, पण उभी हयात गेली रत्नागिरीच्या कोर्टात. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून साक्षीदारांना शपथ द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात कुणी थाप मारली की ते चष्म्यावरून असे बघायचे की समोरचा आपोआप खरं बोलायचा. त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जायचाच नाही. शर्टाची बाही आई चढवून द्यायची.

एकदा बाबांनी माझ्यामार्फत मालकीणबाईंकडे झाडाचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, पानंच आहेत नुसती, दर वर्षी वाटतं की काढून टाकावं. बाबा लगेच माझ्याकडे वळले. "अगं, तोडायचं कशाला? दम देऊया त्याला."

कोकणात न धरणाऱ्या झाडाला असा दम देतात. एकाने कोयता घेऊन खोडावर दोन-तीन घाव घालायचे आणि धमकी द्यायची. दुसऱ्याने मध्ये पडून झाडाची रदबदली करायची. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी धरतं. आमच्या परसातला फणस असाच वठणीवर आला होता म्हणे. बाबांचा हात चालत नव्हता म्हणून दमाचं काम जावयाकडे आलं, आणि कोयत्याच्या जागी आमची कँपिंगची कुऱ्हाड आली. नवरा नागपूरचा. त्याने असलं काही कधी ऐकलंही नव्हतं, पण नाटकाची हौस दांडगी. मालकीणबाई बहिणीकडे मेन राज्यात गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. त्या यायच्या आत त्यांचं काम करून ठेवू, असा बाबांचा साधा हिशोब. परवानगी विचारायची असते हे कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसालाही सुचलं नाही, कारण आपल्याकडे असं काम शेजाऱ्याने केलं तर त्याला चहा मिळतो.

शनिवारी सकाळी मी थालीपीठं लावत होते आणि खिडकीतून बघून हसत होते. बाबा सूचना देत होते, "मुळाजवळ नको जावईबापू, वर मारा, फांद्या फुटतात तिथे." तीन घाव बसले. आई इतकी मनापासून गयावया करत होती की मलाच त्या झाडाची दया आली.

थोड्याच वेळात दोन पोलीस गाड्या आल्या.

पीठ लागलेल्या हातांनी मी धावत बाहेर गेले. कुऱ्हाड तोवर झाडाला टेकवून ठेवलेली होती, हे नशीब. एक पोलीस नवऱ्याला हात दिसतील असे ठेवायला सांगत होता. दुसरा आईला बाजूला घेऊन विचारत होता, तुम्हाला याच्यापासून भीती वाटते का? मी मध्ये बोलायला गेले तर मला गप्प केलं. आईने आपल्या इंग्रजीतला होता नव्हता तो साठा बाहेर काढला. "सन-इन-लॉ गुड," ती म्हणाली. मग पेअरकडे बोट करून, "ट्री बॅड."

मग मी सगळं समजावलं. तो हिला नाही, झाडाला धमकावत होता, ही आमच्याकडची रीत आहे. मोठ्या पोलिसाने आमच्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. त्याच्या ओठाची कड जराशी हलली आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्याची नजर खोडाकडे गेली. साल फाटून आतलं ओलं, पांढरं लाकूड दिसत होतं.

झाड कुणाचं, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या झाडाला मुद्दाम इजा करणं हा या राज्यात गुन्हा आहे. फार जुना कायदा, इंग्रजांच्या वसाहतीच्या काळापासून चालत आलेला. हे सांगताना त्याला थोडा गावाचा अभिमानही वाटत होता. मग त्याने वही खिशात घातली. "हे कुणी केलं, ते मी आत्ता विचारत नाही. मालकीणबाई परत आल्या की मला फोन करायला सांगा. त्यांनी तक्रार केली तर मला विचारावं लागेल, आणि नाव लिहावं लागेल."

गाड्या गेल्या. थालीपीठ जळून कोळसा झालं होतं.

"काही नाही होत यार," नवरा म्हणाला. "तीन टचके मारले फक्त. चिल कर ना."

"तीन टचके!" मी त्याच्यावर अशी ओरडले की पलीकडच्या बाईने पुन्हा फोन केला असता तर नवल नव्हतं. "तुझं नाव लिहिलं ना, तर त्या अर्जात 'हो' लिहावं लागेल. कळतंय का? माझी इतकी वर्षं!" मी त्याच्यावर चिडले, आईवर चिडले, त्या झाडावरही चिडले. बाबांवर मात्र चिडता येईना. ते जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होते.

दुपारी त्यांनी मला कंप्युटरपाशी बसवलं. "तो कायदा काढ." मी काढला. मूळ कुठपर्यंत जातं ते शोधत गेलो. वसाहतीच्या काळात परक्याच्या बागेची, फळझाडांची नासधूस केली तर नुकसानीच्या कित्येक पट भरपाई, आणि ऐपत नसेल तर जाहीर फटके. खुद्द इंग्लंडात तर एके काळी बागेतलं झाड आकसाने तोडणाऱ्याला फाशीसुद्धा होऊ शकत होती. आता फटके नव्हते, फाशी नव्हती, दंड होता आणि थोडा तुरुंग. पण मला दंडाची भीती नव्हतीच. मला त्या एका चौकोनातल्या खुणेची भीती होती.

"आपल्याकडचं कलमही इंग्रजांनीच लिहिलेलं," बाबा म्हणाले. "आगळीक म्हणतात त्याला. आमच्या कोर्टात सुपारीची झाडं छाटली म्हणून भावाने भावाला उभा केलेला मी पाहिलाय." मग ते स्वतःशीच खटला चालवू लागले. "हेतू बघतात. आपला हेतू नुकसानीचा नव्हता, फळ यावं असा होता." दोन मिनिटांनी सरकारी वकील होऊन म्हणायचे, "पण घाव मुद्दाम घातला की नाही? घातला. झाड परक्याचं होतं हे ठाऊक होतं की नाही? होतं." रविवारभर हे चालू होतं. जेवताना, अंगणात फेऱ्या मारताना. दर वेळी सरकारी वकीलच जिंकायचा. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. आईने झाडाच्या जखमांना हळद लावली. पांढऱ्या लाकडावर ते पिवळे पट्टे रस्त्यावरूनसुद्धा दिसायला लागले. मी कपाळाला हात लावला.

मी अर्ज उघडून बसायचे आणि बंद करायचे. वकिलाला विचारावं असं मनात यायचं, आणि विचारलं की गोष्ट खरी होईल अशी भीती वाटायची. नवरा बाहेरून हसत होता, पण त्यानेही दाढी केली नव्हती.

सोमवारी सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "त्या आल्या की मी बोलणार. कुऱ्हाड मी मारली असं सांगणार."

"बाबा, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. मला दोन महिन्यांत परत जायचंय. माझं नाव लागलं तर काय होईल? पुन्हा येऊ देणार नाहीत. नाही आलो." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला रडू आलं. नवरा म्हणाला, "बाबा, असं नाही चालणार. मी केलं, मी सांगतो." बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही गप्प बसायचं. इतकी वर्षं मी लोकांना खरं बोलायला लावलंय. कधी बोलायचं नाही तेही मला समजतं."

दुपारी मालकीणबाईंची गाडी आली. पलीकडच्या बाईने त्यांना फाटकातच गाठलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या, मध्येच आमच्या खिडकीकडे बघत होत्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मग मालकीणबाई एकट्याच मागच्या अंगणात आल्या आणि झाडापुढे उभ्या राहिल्या. आम्ही चौघं त्यांच्यामागे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

"मॅडम," बाबा पुढे झाले. इंग्रजी त्यांनी रात्रभर पाठ केलं असावं. "आय कट. ओन्ली आय. नोबडी एल्स." आणि शपथ घेताना साक्षीदार करतात तसा उजवा हात वर करायला गेले.

हात छातीपाशी येऊन थांबला. त्यांनी दात आवळून जोर लावला. तो जेमतेम बोटभर सरकला आणि थरथरायला लागला. तीन घाव त्यांच्या डोक्याच्याही वर होते, हळदीने चमकत.

मालकीणबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग घावांकडे. मग माझ्या सहा फुटी नवऱ्याकडे, जो जमिनीत गडप व्हायला बघत होता.

"आणि ही काय करत होती?" त्यांनी आईकडे हात करून मला विचारलं.

मी सांगितलं, ती झाडासाठी रदबदली करत होती. पुढच्या वर्षी देईल, एवढ्या वेळी सोडा, असं म्हणत होती.

"एक वर्ष?"

"हो. एक वर्ष."

त्या घरात गेल्या. वरच्या खिडकीतून पोलिसांशी फोनवर बोलतानाचा त्यांचा आवाज खाली स्पष्ट ऐकू आला. हो, मी बघितलं. खालचे वयस्कर गृहस्थ. नाही, तक्रार कसली? मीच त्यांना झाड बघायला सांगितलं होतं. माझं झाड, माझी परवानगी. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. मी तिथेच गवतावर बसले आणि ढसाढसा रडले. आई म्हणाली, "आता का रडतेस?"

खाली येऊन त्या एवढंच म्हणाल्या, की झाड पुढच्या वर्षापर्यंत राहील. तुझ्या आईने त्याच्यासाठी शब्द टाकलाय म्हणून. बाबांशी त्यांनी हात मिळवला. बाबांना उजवा हात वर घ्यावा लागू नये म्हणून स्वतःच खाली वाकून.

संध्याकाळी मी तेल कोमट करून बाबांचा खांदा चोळत होते. अर्जातल्या पेन्सिलीच्या खुणेवरून मी नुकतंच पेन फिरवलं होतं. बाबा डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा खोटी साक्ष दिली बघ."

मी तेल चोळत राहिले.

"पटलं ना गं त्यांना? संशय नाही ना आला?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "अगदी पटलं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले.