सहापैकी तीन

"अहो, धडधडीत खोटं काय बोलताय! शर्ट मी चढवलाय तुम्हाला, मी!" वहिनी अशी कडाडली की सिंगापुरातल्या बेडोक वस्तीतल्या त्या इमारतीच्या सगळ्या लिफ्ट मधेच थांबल्या असतील.

दादा शांत. विम्याच्या डॉक्टरकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "बायकोला थट्टेची सवय आहे."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. झटक्याने उजवी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत, आणि ताठा असा की उतरणाऱ्या विमानांनी वळसा घालून जावं. पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, झाल्यापासून तो देखभालीच्या विम्याचे हप्ते भरत होता. नियम सरळ होता : अंघोळ, कपडे, जेवण, शौच, चालणं, खुर्चीतून उठणं, या सहापैकी तीन गोष्टी आपल्या आपण जमत नसतील तर दरमहा पैसे. त्यात सांभाळायला बाई ठेवता आली असती. नाहीतर वहिनीची नोकरी सुटणार होती.

आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? परका माणूस घरी येणार म्हणून वहिनीने त्याची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कांदेपोहे केले. मी अत्तर लावलं. नवरदेव दिसत होता नुसता!

"जेवण?" डॉक्टरने विचारलं.

"हे काय!" दादाने डाव्या हाताने पोह्यांचा घास मारला.

"अंघोळ?"

"रोज." कोण घालतं, ते सांगितलं नाही.

डॉक्टर दुधखुळा नव्हता. अंघोळ आणि चालणं जमत नाही, हे त्याने ओळखलं. तिसऱ्या गोष्टीवर पेन अडलं होतं. तेवढ्यात तो जायला निघाला, आणि दोघांनी उचलल्याशिवाय कधी न हललेला दादा टेबलाला धरून थरथरत उभा राहिला. नमस्काराला हात मोकळा नव्हता, म्हणून मान लववली. दार लागताच माझ्या अंगावर कोसळला.

दावा नामंजूर.

तक्रार कार्यालयात मी असा गरजलो की ईस्ट कोस्टचा समुद्र दोन पावलं मागे सरला असेल. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. कंपनी खोटं बोलली तर ग्राहकाला भक्कम संरक्षण होतं. ग्राहकच खोटं बोलला तर काय, याचं कलम कुणी लिहिलेलं नव्हतं. "फेरतपासणी मागू शकता," एवढंच त्या म्हणाल्या.

तोवर वहिनीने राजीनामा दिला होता. आता ती ओरडतही नसे.

मी दादाच्या पायाशी बसलो. "दादा, या खेपेला उठू नकोस. तो जाईपर्यंत नुसता बसून राहा. एवढंच कर."

"घरी आलेला माणूस निघाला की बसून राहायचं?" दादा म्हणाला. "ते मला नाही जमणार."