आमचे व्याही आणि मागचं दार

आगीला भिणारी माणसं जगात ढीगभर सापडतील, पण ज्याला बघून आगीनेच चार पावलं मागे सरावं असा गृहस्थ मी एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा व्याही झाला. लग्नाची बोलणी करायला ते ब्रिस्टलला आमच्या घरी आले तो दिवस मी विसरणार नाही. मी आपली "या, बसा" करतेय, तर हे छताकडे बघत उभे. "विहीणबाई, जरा झाडू देता?" मला वाटलं, काही सांडलं असेल. यांनी झाडूच्या दांड्याने स्मोक अलार्मचं बटण दाबलं, तो ठणाणा बोंबलला, आणि मग कुठे हे समाधानाने सोफ्यावर टेकले. "घर चांगलं आहे. मुलगी द्यायला हरकत नाही." लग्नात रुखवत मांडलं, त्यात चिरोटे, शंकरपाळी, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि मधोमध रिबन बांधलेलं लालभडक फायर एक्स्टिंग्विशर! माझ्या जावा पदराआड हसत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉटेलात गेले की हे आधी जिना बघणार, मग खोली. माझ्या देवघरातल्या निरांजनाशी तर यांचं जन्माचं वैर. "वात लहान ठेवा, विहीणबाई, भक्ती मोठी ठेवा," असं वर मलाच सांगणार. पण माणूस सोन्यासारखा, हे मी कुणापुढेही सांगेन.

विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि सॉमरसेटमधल्या एका गावात राहायला गेले. गाव कसलं, एक चर्च, एक पब आणि बाकी सगळ्या गायी. तिथला बंब चालवतात गावचाच खाटीक, गवंडी आणि शाळेतल्या बाई. पेजर वाजला की हातातलं टाकून धावायचं. "म्हणजे बंब येईपर्यंत आपलं आपणच," व्याही म्हणायचे. त्यात खेड्यापाड्यांतल्या हॉलसाठी आगीचे नवे नियम आले. यांना पोथी सापडल्याचा आनंद, पण ते नियम स्वीकारायचे होते हॉलच्या कमिटीने, आणि कमिटी ढिम्म. हॉलच्या मागच्या दाराला कायम कुलूप, आणि त्याची किल्ली कमिटीच्या अध्यक्ष मार्गारेटबाईंच्या घरी, जुन्या टीपॉटमध्ये! व्याह्यांनी घरोघर चिवडा वाटला, कपांवर कप चहा ढोसला, पण बाईंचं एकच पालुपद: "आमच्या आजोबांपासून असंच चालत आलंय. तुम्ही आमच्याच पद्धतींच्या मागे का लागलाय?" हे मात्र त्यांना फार लागलं. "अहो, त्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांची जेवणं होतात, पोरांची नाताळची नाटकं होतात," मला म्हणाले. "बाहेर पडायला एकच दार. उद्या काही झालं तर मला अन्न गोड लागेल का?"

ब्रिस्टलच्या आमच्या मंडळाचा गणपतीही, भाडं कमी म्हणून, त्याच हॉलमध्ये बसायचा, आणि मंडळाचा अध्यक्ष माझाच चिरंजीव. त्या वर्षी चतुर्थीला व्याही सकाळीच मागच्या दाराची किल्ली आणायला गेले, आणि मार्गारेटबाईंनी चहा पाजल्याशिवाय ती काही दिली नाही. बाईंना मोदक खायला घेऊन हे परत येतात तो इकडे प्राणप्रतिष्ठा उरकलेली. बाप्पाचं तोंड पूर्वेला हवं म्हणून पोरांनी मखर पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं, ते नेमकं मागच्या दाराला टेकवून. यांच्या हातात किल्ली आणि दारात गणपती! गुरुजींनी कानावर हात ठेवले. "आता उत्तरपूजेआधी मूर्ती हलवता यायची नाही." हॉल माणसांनी ठासून भरलेला. तेवढ्यात सूनबाई पुढे आली. तिला सातवा महिना होता. इकडे जन्मलेली पोर, तिचं मराठी लिंगभेद मानत नाही. "बाबा, प्लीज! आजची एक दिवस सोडा ना. सगळे बघतायत. मला इतकं एम्बॅरसिंग होतंय!"

लेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, विरघळले. छे! "आग पंचांग बघून येत नाही गं बाळा," म्हणाले, आणि हात जोडून मूर्तीपुढे उभे राहिले. "बाप्पा, तू हलू नकोस. आम्ही हलतो." आणि काढलं की हो सगळ्यांना बाहेर, कार पार्कमध्ये! पुढचं दार पूर्वेलाच होतं, ते सताड उघडलं. बाप्पा आतून बघतायत आणि आम्ही भुरभुर पावसात छत्र्या धरून आरती म्हणतोय. दर्शनाला आत चौघंचौघंच. माझी पैठणी भिजली, मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला. सून तर त्या दिवसापासून बापाशी बोलेनाशी झाली. त्यांचा फोन आला की मुकाट्याने माझ्या हातात द्यायची.

मार्गारेटबाई मात्र हातात मोदक धरून सगळं बघत होत्या. पुढच्या मीटिंगला त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, हा माणूस आमच्याच पद्धतींच्या मागे लागलाय. याने तर स्वतःच्या देवालाही सोडलं नाही." नियम त्याच संध्याकाळी मंजूर झाले. मागच्या दाराचं कुलूप गेलं, ढकलला की दार उघडेल असा दांडा बसला. व्याह्यांनी फोन करून मला सांगितलं, पण आवाजात जान नव्हती. "दार झालं, विहीणबाई," म्हणाले. "पण पोरगी बोलत नाही हो." माझाही राग तिथेच विरला.

नातीचं बारसं त्याच हॉलमध्ये केलं. जागा सुनेनेच ठरवली, का ते सांगितलं नाही. पाळणा सजला, समई लागली, बायका जमल्या, आणि व्याही बिचारे लांब खुर्चीवर अंग चोरून बसलेले. सून बाळाला खांद्याशी धरून उठली, सरळ मागच्या दाराशी गेली आणि तिने कोपराने दांडा ढकलला. दार उघडलं. तिथूनच तिने हाक मारली, "बाबा, पाळणा इथे ठेवली तर वाट अडणार नाही ना?"

व्याही खुर्चीवरून उठले. मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि पुढे आले. दार उघडंच राहिलं होतं, शेतावरचा वारा आत येत होता, समईची ज्योत पडद्याकडे झुकत होती, आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता आमचे व्याही पाळण्याची दोरी हातात धरून बसून राहिले. शेवटी मीच उठले आणि समई पडद्यापासून लांब सरकवली.