पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर

इंटिरिअर डिझाइनच्या त्या कॉलेजात मुलं बाईंना पाठीमागे 'फुटपट्टी' म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. फुटपट्टी निदान खोटं बोलत नाही, आणि एवढंसुद्धा इथल्या अर्ध्या स्टाफला जमत नाही, असं त्यांचं मत होतं. बाईंची बहुतेक मतं याच चवीची असत. प्राचार्य म्हणजे कोट घातलेलं सूचनापत्रक. पालक म्हणजे फी भरून पोराची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी माणसं. मुलांबद्दलचं मत मात्र त्या पाठीमागे बोलत नसत, वर्गात तोंडावरच ऐकवत.

त्या ड्रॉइंग आणि मापं शिकवायच्या. ओट्याची उंची किती, बसलेल्या माणसाचा गुडघा कुठे येतो, दार उघडलं की कपाटाला आपटतं का. वर्षानुवर्षं तेच शिकवत आल्या होत्या, कारण मधल्या काळात माणसाच्या गुडघ्यानं जागा बदलली नव्हती.

कॉलेजात डिजिटल लॅब आली तेव्हा प्राचार्यांनी फीत कापली, फोटो झाले, चहा झाला. एक मोठं लेझर कटर आणि दोन थ्रीडी प्रिंटर. संगणकावर जे काढाल ते मशीन हुबेहूब कापून किंवा घडवून हातात देणार. आपली मुलं आता उद्याचं घर आजच बनवतील, असं प्राचार्य म्हणाले. आजचं घर नीट काढता आलं तरी पुष्कळ झालं, असं बाई शेजारच्या मॅडमना म्हणाल्या, आणि ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

सुरुवातीला प्रिंटरमधून पिळलेल्या खुर्च्या, वाकलेले सोफे आणि लाटा उठलेली छतं बाहेर पडली. सगळं तळहातावर मावणारं. बाई एकेक वस्तू चष्म्याजवळ नेत आणि यात बसणार कोण, मुंगी का, असं विचारून परत ठेवत. एका मुलीच्या तर प्रत्येक कामात लाट असायची. भिंतीला लाट, पलंगाला लाट, बुटांच्या कपाटालाही लाट. तिला सगळे लाटच म्हणायला लागले होते. सरळ रेघेनं तुझं काय घोडं मारलंय, असं बाईंनी तिला भर वर्गात विचारलं. तिनं कागदाची गुंडाळी केली आणि जागेवर जाऊन बसली.

थोड्याच दिवसांत ही मजाही संपली, कारण लॅब ज्यांच्या ताब्यात होती त्या सरांनी मशीनांवर कव्हरं घातली. त्यांनी कसलातरी छोटा कोर्स केला होता आणि त्या जोरावर ते लॅबप्रमुख झाले होते. किल्ली त्यांच्या पट्ट्याला लटकत असे. मुलं फाइल घेऊन गेली की कधी फाइलमध्ये चूक असे, कधी हवेत दमटपणा असे, कधी नुसतंच 'उद्या बघू'. पाहुणे आले की कव्हर निघे, सर दहा जड शब्द बोलत, आणि कव्हर परत चढे. मुलं सबमिशनचे पुठ्ठे घरी साध्या हातकटरनं कापून आणत आणि खाली 'लेझर कट' असं लिहीत. सरही त्याला मार्क देत. त्यांचं नाव कव्हरसर पडलं होतं. मशीन चालवता येत नसलेला माणूस मशीन सांभाळतो, यात बाईंना नवल वाटलं नाही. कॉलेज त्याच पद्धतीवर चाललं होतं.

बाईंचा या मशीनशी संबंध आला तो घरच्या भानगडीमुळे.

बाई आणि त्यांची थोरली जाऊ एकाच फ्लॅटमध्ये राहायच्या. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, मागेपुढे गेले होते. स्वयंपाकघर थोरलीचं होतं आणि त्यात धाकटीला फक्त पाणी प्यायला प्रवेश होता. मग थोरली न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, आणि ऑपरेशननंतरही चाकाची खुर्चीच नशिबी आली. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून आत जाई, पण आत वळायला जागा नव्हती. त्यामुळे थोरली दारात बसायची आणि बाई ओट्यापाशी उभ्या राहायच्या. कांदा कसा चिरलाय, गॅस किती मोठा ठेवलाय, भांडं कुठलं घेतलंय, यावर दारातून अखंड शेरे येत. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवली होती. आता रोज दोन वेळा त्याच औषधाचा डोस त्यांना मिळू लागला.

महिनाभरात त्या टेकीला आल्या. थोरलीला परत ओट्यापाशी बसवल्याशिवाय आपली सुटका नाही, हे त्यांना कळून चुकलं. त्यात माया किती आणि स्वार्थ किती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

त्यांनी नकाशा काढला. पुस्तकातली मापं घेतली आणि जाड पुठ्ठ्याचा खराखुरा, पूर्ण मापाचा ओटा हातानं कापून बैठकीत उभा केला. थोरली खुर्ची ढकलत आली आणि तिचे गुडघे आपटले. बाईंनी दुसरा कापला. आता कोपर वर उचलावं लागत होतं. तिसऱ्याच्या वेळी बाईंचा अंगठा सुजला, कटर धरवेना. थोरलीनं सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि नळ उजवीकडे नको, डावीकडे हवा, असं सांगितलं.

त्या दिवशी बाईंना कव्हराखालच्या वस्तूची आठवण झाली.

त्यांनी कव्हरसरांना विचारलं. सर म्हणाले, पुठ्ठ्याची धूळ बसते, धूर होतो, आणि स्वयंपाकघर हे काही मशीनच्या पातळीचं काम नाही. बाई परत आल्या आणि वाट बघत बसल्या. मशीनची सर्व्हिसिंग असली की सर न चुकता रजेवर जात, कारण काही विचारलं गेलं असतं तर पितळ उघडं पडलं असतं. दर खेपेला सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघे. बाईंच्या हिशेबानं त्या माउलीचा एव्हाना एकही डोळा शिल्लक नसावा.

याही खेपेला तसंच झालं. सर्व्हिसिंगला कंपनीची एक बाई आली. गुडघ्यांनी कुरकुरणारी, सारखी बिस्किटं खाणारी. दुसरी किल्ली ऑफिसमधून मिळाली. स्टाफपैकी कुणीतरी हजर राहायला हवं, असं सांगून बाई आत जाऊन बसल्या. सर्व्हिसवालीनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"नवीनच्या नवीन आहे की! कुणी वापरत नाही?"

"आमच्याकडे जपतात," बाई म्हणाल्या.

"जपून काय होणार? आतली लेझरची नळी ठरल्या वेळी जातेच. वापरली तरी जाते आणि नाही वापरली तरी जाते."

बाईंना ती एकदम आवडली. दिवसभर त्या तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलीसारखे प्रश्न विचारत राहिल्या. धुराचा पंखा आधी लावायचा. मशीन चालू असताना समोरून हलायचं नाही, पुठ्ठा पेट घेऊ शकतो. लेझर रेघेची केसभर जाडी खातो, म्हणून खाच तेवढी लहान काढायची, नाहीतर जोड ढिला पडतो. मशीनमध्ये अख्खा ओटा मावत नव्हता, तेव्हा तो तुकड्यातुकड्यांत कापून खाचेत खाच अडकवायचा. पहिला तुकडा कडेनं जळला, दुसरा ढिला निघाला. तिसरा मात्र असा घट्ट बसला की बाईंनी तो दोनदा काढून परत बसवला. आपल्याला आनंद झालाय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच जरा राग आला.

मशीनचा आवाज ऐकून मुलं लॅबच्या काचेला नाकं लावून उभी राहिली होती. लेझर कटर चालताना कुणी बघितलंच नव्हतं. आमचंही कापू द्या म्हणून गलका झाला. बाईंनी दार उघडलं आणि अट घातली. मुंगीच्या खुर्च्या चालणार नाहीत. ज्याला कापायचंय त्यानं एकच गोष्ट कापायची, त्यांच्या जाऊबाईंचं स्वयंपाकघर, खऱ्या मापाचं. आणि ते बरोबर आहे का, हे जाऊबाई स्वतः येऊन ठरवतील.

कव्हरसर रजेवरून परतले तेव्हा कव्हर कोपऱ्यात पडलं होतं आणि लॅबमध्ये जळक्या पुठ्ठ्याचा वास भरला होता. ते तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांना भांडण नको होतं. विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती आणि लॅबच्या वापराच्या रकान्यात काय भरायचं, याची त्यांना चिंता होती. त्यांनी सरांना शांत राहायला सांगितलं. शांत राहणं हे सरांच्या आवडीचं काम होतं.

थोरली टॅक्सीनं कॉलेजात आली ती केस विंचरून, ठेवणीतली शाल पांघरून, न्यायाधीश यावा तशी. एका रिकाम्या वर्गात पुठ्ठ्याची पाच-सहा स्वयंपाकघरं उभी होती. ती एकेकात शिरली. कुठे पाय अडकले, कुठे हात पोचेना, एका ठिकाणी ओटाच कोसळून तिच्या मांडीवर आला. मुलं ओशाळली. बाईंना मनातून बरं वाटलं. संगणकावर गोल-गोल फिरवून बघितलेलं घर आणि म्हातारीच्या कोपराला लागलेलं घर यात किती अंतर असतं, हे मुलांना आता समजावून सांगावं लागणार नव्हतं.

लाटेनं अर्थातच वळलेला ओटा केला होता. थोरलीच्या खुर्चीभोवती अर्धचंद्रासारखा. थोरली आत गेली आणि पायाची फळी पुठ्ठ्याला धडकली. बाईंच्या जिभेवर शब्द तयारच होते, पण लाट त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिनं खडू घेतला, थोरलीला मोकळ्या जमिनीवर जागच्या जागी एक गिरकी घ्यायला सांगितलं आणि चाकं, पाय, कोपरं जिथून फिरली त्या सगळ्या जागा आखून घेतल्या. मग लॅबमध्ये गेली. तासाभरानं नवे तुकडे घेऊन आली. परत पाय अडकले, परत गेली. जेवणाची सुट्टी झाली, संपली. ती जा-ये करत होती. बाईंनी हाताला सूज येईपर्यंत जे केलं होतं ते ती मशीनवर न चिडता, न थकता करत होती. शेवटच्या खेपेला थोरली आत गेली, वळली, आणि शेगडी, नळ, कापायची जागा, सगळं एकेका हाताच्या अंतरावर आलं. बाई बघत राहिल्या. खुर्ची गोल फिरते, ही साधी गोष्ट त्यांच्या कोणत्याच पुस्तकात नव्हती आणि त्यांच्या डोक्यातही आली नव्हती. त्यांनी ती सरळ रेघेत कोंबली होती.

थोरलीनं मात्र ते नापास केलं. दवाखान्यातलं वाटतं म्हणाली. तिनं पसंत केला तो भलत्याच मुलीचा गुलाबी ओटा, ज्यात तिची खुर्ची ट्रकसारखी मागे घ्यावी लागली होती. टॅक्सीत दोघींची जुंपली.

"ताई, ज्यात अडकलात तेच निवडलंत तुम्ही."

"पोरगी गोड बोलते. तुझ्यासारखी नाही."

घरी आल्यावर बाईंनी गुलाबी पुठ्ठा आणून बैठकीत जसाच्या तसा उभा केला. थोरली दोन दिवस त्यात शिरत होती आणि तोंड मिटून उलटी बाहेर येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या मुक्या पोरीचं लावून बघ. बघायला काय जातंय?"

समिती आली त्या दिवशी प्राचार्यांच्या आग्रहावरून थोरलीला परत कॉलेजात नेलं. लॅब धडधडत होती. कव्हरसरांनी पडद्यावर चित्रं दाखवत डिजिटल तंत्रज्ञान आणि समाजाभिमुख शिक्षण यावर भाषण केलं. लाटेच्या ओट्याला त्यांनी 'आमच्या लॅबचा प्रयोग' म्हटलं. बाईंचा उल्लेख 'सहकार्य' या शब्दात उरकला. समितीच्या प्रमुखांनी वाकून थोरलीला विचारलं की या सरांनी तुमच्यासाठी एवढं केलं, तुम्हाला कसं वाटतं?

"यांना मी आजच बघतेय," थोरली म्हणाली.

समिती मनमोकळं हसली. आजींचा विनोद सगळ्यांना फार आवडला. कॉलेजला उत्तम शेरा मिळाला आणि त्याच वर्षी कव्हरसर उपप्राचार्य झाले. बाईंनी अभिनंदनाच्या, पेढे वाटायच्या सभेत बसायला साफ नकार दिला आणि तेवढ्या वेळात वर्गातल्या वह्या तपासल्या.

लाटेच्या फाइलवरून सुतारानं जुन्या ओट्याच्या जागी खरा ओटा केला. बसवल्या दिवशी थोरली आत गेली, एक गिरकी घेतली, नळ सोडून बघितला आणि बाईंना तिथून बाहेर व्हायला सांगितलं. त्या दिवसापासून बाईंना परत वेळेवर आणि चांगलं जेवण मिळू लागलं. ओट्याचा रंग मळखाऊ नाही, ही तक्रार मात्र थोरलीनं कायम ठेवली. बाईंनी लाटेला वर्गात चांगले मार्क दिले आणि शेजारी लिहिलं की बुटांच्या कपाटाची लाट अजूनही निरर्थक आहे. लाटेनं ते वाचलं आणि पहिल्यांदाच हसली.

लॅबची किल्ली आता बाईंकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. वर्षभर मशीन भरपूर चाललं आणि पुढच्या सत्राच्या तोंडावर नळी गेली. प्राचार्य म्हणाले, पुढच्या बजेटमध्ये बघू. बाईंनी अर्ज केला नाही. त्या रोज मोकळ्या तासाला मुलांच्या ड्रॉइंगची चळत घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसू लागल्या आणि तिथेच तपासू लागल्या. प्रत्येक कागदावर काय चुकलंय ते मोठ्यानं वाचत. प्राचार्यांना फोन करता येईना, पाहुण्यांशी बोलता येईना. पंधरवड्याच्या आतच त्यांनी नळीच्या मागणीवर सही केली आणि ही बाई म्हणजे निव्वळ उपद्रव आहे, असं ऑफिसात बोलून दाखवलं.

ते बाईंच्या कानावर आलं. इतक्या वर्षांत प्राचार्यांनी पहिल्यांदाच काहीतरी नीट मोजून सांगितलं, असं म्हणत त्या नवी नळी उतरवून घ्यायला फाटकाकडे निघाल्या.